लाल झालेला पाडा

“आमी आता भट्टीवर जानार नाय,” ठकी म्हणाली. “तिकडं माजं पोर गेलं.”

रोशनचं बोट टॅबवर तसंच राहिलं. पुढचा प्रश्न होता, भातकापणीनंतर कामासाठी बाहेर जाता का. त्याने टॅब बंद केला आणि ठकीच्या सासूने, बारकीने, पुढे केलेलं पाणी प्यायला.

बोरीचा पाडा तलासरी तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून बराच आत. दिवाळी झाली की मजूर नेणारा मुकादम गाडी घेऊन यायचा आणि माणसं पोराबाळांसकट भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची. गेल्या वर्षी तिथे ठकीचा मुलगा तापाने फणफणला. मालकाने दवाखान्यात न्यायला गाडी दिली नाही. परत आल्यावर पाड्याने ठरवलं, अर्धपोटी राहू, पण भट्टीवर जायचं नाही.

“दिवालीनंतर इथंच काम निगेल,” रोशन म्हणाला. “मी सांगतो ना.”

ठकीला ते पटलं. तो तिच्याच बोलीत बोलत होता, म्हणून असेल. “तू सांगतोस मंजे होईल,” ती म्हणाली.

रोशन डहाणूजवळच्या कैनाडचा. घरात बारावीच्या पुढे गेलेला पहिलाच. मुंबईला तो सरकारी धोरणांसाठी डेटा सायन्स शिकत होता आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याने मुद्दाम आपल्याच भागात घेतला होता. रेशन दुकानातली उचल, शाळेतली हजेरी, पाऊस, रोजगार हमीची जुनी कामं हे सगळं जोडून तो कोणत्या पाड्यातलं धान्य कधी संपेल आणि माणसं कधी बाहेर पडतील याचा अंदाज काढायचा. वेळ जवळ आली की संगणकावरच्या नकाशात तो पाडा लाल व्हायचा. मग मुकादम पोचायच्या आत तिथे रोजगार हमीचं काम सुरू करायचं. तालुका कचेरीत रोजगार हमीची कामं बघणाऱ्या वसुमती मॅडमना ही कल्पना पटली होती.

घरी सगळ्यात जास्त कौतुक शुक्राला, त्याच्या वडिलांना. शुक्रा वासुदेवशेठची पिकअप चालवायचा, वाडीतले चिकू वापीला पोचवायचा. शाळेत असताना त्याने रोशनला कधी इयत्ताही विचारली नव्हती. आता मात्र संध्याकाळी हातपाय धुऊन तो लॅपटॉपपाशी येऊन बसे. लाल म्हणजे काय, हाच पाडा का, पुढचा कोणता, सगळं विचारी. रोशनची आई गंगी चुलीपासून हसून म्हणे की आता बाप पण परीक्षेला बसणार. रोशनला त्या संध्याकाळी फार आवडायच्या. कॉलेजात सादरीकरण करताना त्याची जीभ अडखळायची. बापाला सांगताना कधीच नाही.

पहिलं काम साकळपाड्यात निघायचं होतं. रोशन ग्रामसेवकाबरोबर तिथे गेला, तर घरोघरी कड्या. आदल्या दिवशीच गाडी येऊन माणसं भट्टीवर घेऊन गेली, असं शेजारच्या पाड्यात कळलं. पुढच्या लाल पाड्यातही तेच झालं. अंदाज बरोबर येत होता, फक्त कुणीतरी त्याच्याआधी पोचत होतं.

नकाशा दोघांकडेच होता. एक रोशन आणि दुसरा कचेरीतला कंत्राटी ऑपरेटर तुषार. तुषारचा मेहुणा भिवंडीत ट्रकवर असतो, हे रोशनला आठवलं. दोन दिवस तो स्वतःशी वाद घालत राहिला. मग त्याने वसुमती मॅडमना सांगितलं, आणि त्यांनी तुषारला समोर बोलावलं.

“मी कुणाला काही सांगितलं नाही,” तुषार म्हणाला. मग रोशनकडे वळला. “निदान तू तरी असं म्हणू नकोस.”

“मग दुसरं आहे कोण?” रोशन म्हणाला.

त्याच दिवशी तुषारचं काम गेलं. त्याची बायको बाळंतपणाला टेकली होती, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. त्याने जेवणाचा डबा पिशवीत घातला. रोशनने मान फिरवली. ठकीचा चेहरा आठवून त्याने मन घट्ट केलं.

घरी त्याने सगळं सांगितलं. नकाशात लाल झालेल्या बोरीच्या पाड्याला आता धोका नाही, सोमवारी तिथे बंधाऱ्याचं काम सुरू होतंय, हेही सांगितलं. शुक्राने भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं.

“बरं केलंस,” तो म्हणाला आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

सोमवारी सकाळी जीपमध्ये फावडी-घमेली भरून रोशन बोरीच्या पाड्यात पोचला. अंगणं झाडलेली नव्हती. कुठेच चूल पेटलेली दिसत नव्हती. ठकीच्या घरासमोर बारकी एकटी दोन बकऱ्यांना पाला घालत बसली होती.

मुकादम कधी आला होता, असं त्याने विचारलं.

बारकीला हसू आलं. मुकादमाच्या गाडीत कोण चढलं असतं, म्हणाली. सगळी रोशनच्याच कामाला गेली होती. बंधारा लांब आहे, तिथेच राहावं लागेल, म्हणून अंथरुणं आणि भांडीही नेली होती. गाडी त्यानेच तर धाडली होती. ठकी तेवढी नाही म्हणत होती, लहानग्या पोरीला कडेवर घेऊन लांब उभी राहिली होती.

“मंग डायवर बोलला, रोशन माजाच पोर हाय,” बारकी म्हणाली. “तवा चढली.”