खोत वकिलांची सही

"ना-हरकत पाहिजे ना? द्या की इकडं." बाळासो खोत वकिलांनी हात पुढं केला, तशी त्रिशलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यापेक्षा भांडले असते तर बरं. अकरा वर्षं ज्या माणसानं आपली केस चालवली, त्याच्याच समोर बसून म्हणायचं, आता दुसरा वकील लावतोय, तुमची हरकत नाही एवढं लिहून द्या! मुलगा अभिनंदन काही वर आला नाही. खाली रस्त्यावर गाडी चालू ठेवून बसला होता शहाणा.

"पोरगा लई मागं लागलाय वो," त्या म्हणाल्या. "म्हणतोय, खोत वकील नुसत्या तारखा घेत्यात. नवा वकील पुढच्या तारखेलाच माझी साक्ष घेणार हाय."

"घेणारच. हुशार आहे तो."

वकिलांनी फाइल पुढं ओढली. चांगली वीतभर जाड झाली होती. भाऊ जयपालनं वडिलांचं, आप्पांचं मृत्युपत्र कोर्टात आणलं. कुरुंदवाडचं सगळं रान त्याच्या नावावर, लेकीला उसाची एक सरीसुद्धा नाही. त्रिशलाबाईंनी हरकत घेतली, की सही करताना आप्पांना दिसत नव्हतं, कळत नव्हतं. एवढीच काय ती भानगड, पण तिनं अकरा भाऊबिजा खाल्ल्या.

"ताई, मी तारखा का घेत होतो, ते पोराला सांगितलंत?"

त्रिशलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"साक्षीची तयारी करायला तुम्ही ह्याच खुर्चीत बसला होता. मी विचारलं, आप्पांना दिसत होतं का? तर तुम्ही बोलून गेला..."

"आप्पांनी चष्मा मागितला. मीच दिला," त्रिशलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना. "सगळं वाचलं त्यांनी. मग सही केली."

"मी म्हणालो, केस मागं घ्या. तुम्ही रडत उठून गेला. आता तुम्हाला पिंजऱ्यात उभं करून, शपथ घालून खोटं बोलायला लावायचं? माझ्यानं नाही झालं ते. केस सोडावी म्हटलं, तर दुसरा कोणीतरी तुम्हाला उभं करणारच. म्हणून तारखा घेत बसलो. वाटलं, आज ना उद्या राग उतरेल."

"राग कवाच गेला, वकीलसाहेब."

खरंच गेला होता. उरला होता तो नुसता शीण. पण अकरा वर्षं ज्या पोराला आजानं अन्याय केला म्हणून सांगितलं, त्याला आता कुठल्या तोंडानं काय सांगायचं?

वकिलांनी पेन काढलं आणि टेबलावर चाचपडायला लागले. फाइलखाली बघितलं, वर्तमानपत्र उचललं. चष्मा पाण्याच्या तांब्याआड होता. त्रिशलाबाईंनी तो उचलला, पदरानं पुसला आणि द्यायला हात पुढं केला. हात तिथंच थांबला. वकिलांनी वर न बघताच चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला, कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि खाली सही केली.

जिना उतरून त्या गाडीत बसल्या. अभिनंदननं गिअर टाकला.

"केली का म्हाताऱ्यानं सही?"

"आधी गाडी बंद कर."

"का? काय झालं?"

"बंद कर म्हणते न्हवं."

त्यानं किल्ली फिरवली. त्रिशलाबाई समोरच्या काचेकडंच बघत होत्या. कागद मांडीवर तसाच होता.

"केली सही. चष्मा मागितला, मी दिला. सगळं वाचलं, मग केली," त्या म्हणाल्या. "तुझ्या आजानंबी अशीच केलती, अभि. मी समोरच हुते."