डिकी तशीच्या तशी

जावयाने डिकीत डोकं घातलं, चारही कोपरे हाताने चाचपले आणि मागे वळून विचारलं, "मामा, बासच्या स्पीकरचा डबा गेला कुठे?"

मामा नुसता हसला. सगळी गल्ली त्याला कानसेन म्हणायची. रस्त्यावरून गाडी गेली की तिचा कुठला स्पीकर फाटलाय, ते तो आपल्या गाड्यांच्या स्पीकरच्या दुकानात बसून सांगायचा. पण आज बोलायची त्याला गरजच वाटत नव्हती. डिकी स्वतःच बोलत होती. पार रिकामी, गाडी घेतली त्या दिवशी होती तशीच.

जावयाची मागणीच तशी नाठाळ होती. गाणं लावलं की छातीत धडधडलं पाहिजे, पण डिकीतली जागा बोटभरही जाता कामा नये. घरात बाळ येणार, मग बाळाची गाडी, अंथरुणं, पांघरुणं, सगळा संसार मागेच जाणार. दुसऱ्या दुकानदारांनी हात वर केले. बास हवा तर डबा आला आणि डबा आला की डिकी गेली, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. तेव्हा कुठे जावयाला सासऱ्याची आठवण झाली. स्पीकरवाल्याची मुलगी म्हणून लग्नाच्या वेळी नाक मुरडणारा हाच तो जावई. मग कानसेन कसला मागे हटतोय! त्याने चंगच बांधला.

ॲम्प्लिफायर ड्रायव्हरच्या सीटखाली सरकला. डबा मात्र कुठेच बसेना. शेवटी कानसेनने डिकीतली मॅट उचलली. खालच्या गोल खळग्यात स्टेपनी निवांत पडली होती. खळगा डब्याच्या मापाचा, जणू त्याच्यासाठीच केलेला. त्याने स्टेपनी काढली, डबा ठेवला आणि वर मॅट अंथरली.

सांगणार होता तो. खरंच सांगणार होता, अगदी ओठांवर आलं होतं. पण जावयाने गाणं लावलं, काचा थरथरल्या, आणि त्याने आजूबाजूच्या दुकानदारांना हाका मारून गोळा केलं. सासरा असावा तर असा, असं चारचौघांत म्हणाला. आता ह्यावर कोण म्हणेल, की बाबा रे, तुझं जादा चाक माझ्या दुकानात पडलंय? ओठांवरचं कानसेनने गिळून टाकलं. टायर नवे आहेत, पंक्चर व्हायला काय धाड भरलीये, अशी त्याने मनाची समजूत घातली.

लेक मात्र पुढच्या सीटवर पोटावर हात ठेवून बसली होती. दुकानातल्या वायरींच्या गुंत्यात खेळूनच ती लहानाची मोठी झालेली.

"बाबा, जागा आणलीत कुठून?"

"तुला काय करायच्यात चौकशा? नुसता फोन लावून बघ मला. मी शेजारी बसून बोलतोय असं वाटेल."

ती त्याच्याकडे बघून हसली. बाबांनी केलंय म्हणजे नीटच केलं असणार, असं ती नवऱ्याला म्हणाली आणि गाडी निघून गेली.

स्टेपनी आधी दुकानाच्या कोपऱ्यात उभी होती. मग पायात येते म्हणून कानसेनने ती आडवी केली. मग तिच्यावर जुन्या सीटचा फोम टाकला आणि झकास बैठक तयार झाली. गिऱ्हाइकं टेकायची, नंतर तोच बसायला लागला. पुढच्या खेपेला लेक-जावई आले तेव्हा घाईत होते. त्यानंतर त्याच्या डोक्यातूनच गेलं. कधी आठवलं तर बाळंतपणाच्या आधी बसवून टाकू, अजून वेळ आहे, असं तो स्वतःला बजावायचा.

वेळ नव्हता. भर दुपारी तो बैठकीवर बसून एक वायर जोडत होता, तेवढ्यात जावयाचा फोन आला. आठवाच महिना, पण तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि रक्त जात होतं. डॉक्टरांनी असाल तसे निघा म्हटलं होतं. ते निघाले, आणि वस्ती मागे पडल्यावर चाकात लोखंडाची पट्टी घुसली. ॲम्ब्युलन्सला यायला बराच वेळ लागणार होता. रस्त्यावर दुसरी गाडी दिसत नव्हती.

"मामा, घाबरू नका. चाक मी आत्ता बदलतो, हात बसलाय माझा. फक्त मॅटखाली तुमचा डबा आहे. स्टेपनी तुम्ही दुसरीकडे हलवली असणार. कुठे आहे तेवढं सांगा."

"थांबा," कानसेन कसाबसा म्हणाला.

जावयाच्या आवाजामागे त्याला लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. एकेक श्वास वेगळा, स्वच्छ. फोन गाडीच्या यंत्रणेवर होता, त्याने स्वतः जोडलेल्या. आता तो जे बोलेल ते चारही बाजूंनी तिच्या कानावर पडणार होतं. तिला आयुष्यात कधी ऐकवलं नसेल असं काही तरी त्याला आता तिला ऐकवायचं होतं.

जावयाने पुन्हा विचारलं. मग तीच बोलली, दम खात खात.

"बाबा, अगदी शेजारी बसल्यासारखा येतोय तुमचा आवाज. सांगा ना, कुठे ठेवलीत?"

कानसेन उठायला गेला, पण उठून जाणार कुठे? तो तसाच खाली बसला. फोम दबला आणि त्याखालची स्टेपनी त्याला लागली. हवा अजून टच्च भरलेली होती.