आधी नाव कोणाचं?

गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी होती. पुरुष हवे तेवढे आले, पण साठी उलटलेल्या बायका काही केल्या मिळेनात. अखेर नर्सनं दारोदार फिरून एका घरातल्या थोरल्या जाऊबाईंना पटवलं, तर "ती जाते, मग मी काय कोणाचं घोडं मारलंय?" म्हणत त्यांच्या धाकट्या जाऊबाईही हजर!

खरी गोळी कोणाला आणि बिनऔषधाची कोणाला, हे सोडतीनं ठरलेलं. डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. या दोघी मात्र ठणकावून सांगत, "खरी माझीच!" आणि दर खेपेला "आधी माझं नाव पुकारा" म्हणून हुज्जत घालत. बाकीच्या बायका एकेक करून गळाल्या; या दोघी चढाओढीपायी टिकल्या.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी दवाखाना बंद व्हायची वेळ झाली, तरी दोघींचा पत्ता नाही. नर्सचा जीव टांगणीला लागला. इतक्यात थोरल्या धापा टाकत दारात आल्या.

"अहो, धाकट्या कुठायत?"

"जिना चढतेय सावकाश. तापातून कालच उठवलीय तिला." थोरल्यांनी मागे वळून पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "आज आधी तिचं नाव पुकारा. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका हं!"