समुद्राकडची खोली

डॉपलर सोनोग्राफी संपवून डॉक्टरबाई शिवानीला म्हणाल्या, "नाळेतून बाळाला रक्त कमी पोचतंय. आता पूर्ण आराम, नाहीतर बाळ वेळेआधी काढावं लागेल."

नागावात घरच्या होमस्टेचा ऐन सीझन चाललेला. चादरी बदलण्यापासून सुरमई तळण्यापर्यंत सगळं शिवानीच्याच गळ्यात. सासूबाई, आवडाबाई, म्हणाल्या, "आमच्या येलेला कुठं व्हतं ह्ये मशीन? आमची पोरं झाली न्हाय का?"

नवरा ऋत्विक आईशी वाद घालत बसला नाही. त्यानं मोबाईलवरून आपल्याच होमस्टेची समुद्राकडची खोली शिवानीच्या नावानं बुक केली. बुकिंग म्हणजे बुकिंग! पाहुणा रुसला तर ॲपवर स्टार कमी देतो, याची आवडाबाईंना यमापेक्षा जास्त धास्ती. शिवानीला पलंगावर नाश्ता, दुपारी शहाळं, उठायला गेली की आवडाबाई म्हणायच्या, "तुम्ही बसा, मॅडम."

पुढच्या डॉपलरला बाळाचा रक्तपुरवठा चक्क सुधारलेला दिसला. डॉक्टरबाईंनी सोबत आलेल्या सासूचं तोंड भरून कौतुक केलं.

आवडाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि बाहेर येताच सुनेला हळूच विचारलं, "त्यांचं जाऊ दे. तू पाच स्टार देशील ना, बाय?"