दर रविवारचं अँटिव्हायरस

"त्याला विचार, आज तरी ते मुळासकट निघणार आहे का," बाबा वर्तमानपत्राआडून आईला म्हणाले.

"निघेल म्हणावं," मुलगा कॉम्प्युटरवरची नजर न काढता आईला म्हणाला.

बापलेकात अंतर फार तर चार हातांचं, पण मध्ये आई लागायचीच. मुलाने चांगली कायमची नोकरी सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्या दिवशी बाबा गरजले होते, "यापुढे माझ्याशी बोलू नकोस!" त्याला अकरा महिने झाले. दोघेही एकाच माळेचे मणी. नमतं घेणार कोण?

मग दोन महिन्यांपूर्वी आईचा फोन आला. बाबांचा कॉम्प्युटर अडकतोय म्हणे. मुलगा हातातलं काम टाकून धावत आला. बघतो तर काय, जुनं अँटिव्हायरस कोणीतरी अर्धवट काढलेलं. मुख्य फोल्डर गायब आणि उरलेसुरले तुकडे जागोजागी चिकटलेले. मशीन सुरू केलं की 'संरक्षण बंद आहे' म्हणून ठणाणा. त्याने सगळं पुसून काढलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच.

आज मात्र तो त्या अँटिव्हायरसच्या कंपनीचाच खास सफाईचा प्रोग्राम घेऊन आला होता. आज शेवट करायचाच. पण एकदा हे गेलं की या घरात यायला निमित्त काय उरणार? बाबा बोलत नव्हते हे खरं, पण पाठीमागे त्यांचं खाकरणं तरी ऐकू यायचं. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच तो यायचा.

"आई, हे तूच परत टाकतेस ना? मी यावं म्हणून?" त्याने हळूच विचारलं.

"मी? अरे, मला तो माऊस धड धरता येत नाही!"

त्याने कॉम्प्युटरमधल्या नोंदी उघडल्या. प्रोग्राम टाकला, शनिवार, चार वाजून दहा मिनिटं. मुख्य फोल्डर उडवलं, सव्वापाच. मागचा शनिवारही तसाच. त्याच्या मागचाही.

शनिवारी चार वाजता आई गुडघ्यांसाठी पोहायला जाते. घरात एकटे बाबा असतात. जन्मभर पुलांचे नकाशे काढलेले बाबा. एक रेघ चुकली तर अख्खा कागद नव्याने घेणारे. अर्धवट काम त्यांना कधी म्हणून खपलं नाही.

मुलाने सफाईचा प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर प्रश्न होता, सगळं काढायचं का? त्याने 'हो' दाबलं. मग खुर्ची वळवली आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदाच आईला मध्ये न घालता बोलला.

"बाबा, येत्या शनिवारी ते टाकू नका. मी रविवारी तसाही येईन."

वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं. आई होती तिथेच थबकली.

"गाढवा, मग आधी नाही का सांगायचं?" बाबा म्हणाले. "टाकायला काही लागत नाही रे. पण ते असं अर्धवट काढायला दर वेळी तासभर जातो माझा!"