नाटकात नसलेला मंगळवार

सेनापती उशी घेऊन बायकोच्या पलंगाशी पोहोचला आणि तिथेच अडला. पालेर्मोच्या त्या बोळातल्या बाहुल्यांच्या थिएटरात फुटाणे खाणारी तोंडं थांबली. सेनापतीच्या डोक्यातली लोखंडी सळई धरून पडद्याआड गास्पारेकाका उभा होता. पलंगापलीकडे त्याची बायको निन्फा. सेनापतीच्या बायकोचा आवाज तीस वर्षं तीच काढत होती आणि महिन्यातून एकदा तीच मरत होती.

या जागी सेनापती कधी काही विचारत नाही. कपटी मित्राने त्याचे कान फुंकलेले असतात. तो येतो, उशी दाबतो, निष्पाप बायको मरते. बाया हुंदके देतात आणि सगळे खुशीत घरी जातात.

पण आज गास्पारेचेही कान फुंकलेले होते. हँडल फिरवून पियानो वाजवणारा वितो सकाळीच म्हणाला होता, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण काकू दर मंगळवारी लिबोरिओकडे जातात. मागच्या दाराने." लिबोरिओ म्हणजे बंदराजवळच्या थिएटराचा मालक, गास्पारेचा हाडवैरी, आणि वर बिनलग्नाचा. गास्पारेने ठरवून टाकलं होतं. खेळ संपला की निन्फाची रवानगी मोनरेआलेला, भावाकडे, कायमची. तापट माणूस. घरी शांतपणे विचारावं, हे काही त्याला सुचलं नाही.

"बोल!" सेनापती गरजला. "मंगळवारी दुपारी कुठे होतीस?"

निन्फा चपापली. हे वाक्य नाटकात नव्हतं. नाटकात मंगळवारच नव्हता.

"कुठल्या मंगळवारी, स्वामी?" बाहुलीने जपून विचारलं.

"प्रत्येक! त्या लिबोरिओकडे जातेस म्हणे!"

पहिल्या बाकावरचा मासळीवाला नोफ्रिओ ताडकन उठला. "अरे सैताना, बिचारीला बोलू तरी दे!"

बाहुली पलंगावर ताठ बसली. "हो, जाते. समोरच्या दाराने जाते, बाकावर बसते आणि खेळ बघते. हाच खेळ!"

थिएटरात 'अरे देवा!' झालं. या बोळातला माणूस एकवेळ चर्च बदलेल, बाहुलीवाला बदलणार नाही.

सेनापतीला बगलेत मारून गास्पारे पडद्याबाहेर आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "यार असता तर एकवेळ गिळला असता! दुसऱ्याचा खेळ बघतेस?"

निन्फाही कमरेवर हात ठेवून पुढे आली. "आपले मागचे बाक रिकामे पडायला लागलेत, दिसत नाही तुम्हाला? त्याच्याकडे असं काय आहे, ते बघायला गेले. आणि हे लावालावीचं काम कोणाचं?"

"मागच्या दाराने जातात, असं मी नाही हं म्हणालो!" वितो घाईघाईने म्हणाला.

या थिएटरात कपटी मित्राच्या बाहुल्यावर फुटाणे फेकायची रीत आहे. त्या दुपारी ते सगळे वितोला मिळाले. पियानोमागे दडून तो ओरडला, "लिबोरिओनेच शिकवलं मला! काकांनी हाकललं की काकू आपसूक त्याच्याकडे कामाला येतील म्हणून!"

"त्याला हिचं काय काम?" गास्पारे गोंधळून म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने बायकोला विचारलं, "गर्दी असते का गं त्याच्याकडे?"

"लढाईच्या प्रसंगापुरती असते. पण बाई नाही ना त्याच्याकडे. सेनापतीच्या बायकोचा आवाजही तोच काढतो, मिशा सावरत. ती मरायला लागली की लोक पोट धरून हसतात."

गास्पारेने मोनरेआलेच्या रस्त्याचा विचार केला. मग पुढच्या महिन्यात आपल्याच घोगऱ्या आवाजात 'स्वामी, मी निष्पाप आहे' म्हणायचा विचार केला. त्याला घाम फुटला. स्वतःची लाज वाटली, आणि समोर उभी असलेली ही बाई तीस वर्षांत कधी आवडली नव्हती इतकी आवडली. त्याने उशी उचलून झटकली आणि तिच्यासाठी पडदा बाजूला धरला.

"चल गं," तो म्हणाला, "मर आता नीट. लोक खोळंबलेत."