घरची तोडणी

लहान कॉफी उत्पादकांच्या संस्थेच्या अध्यक्षबाई ठरवूनच आल्या होत्या: मागितलेला किमान दर पदरात पडल्याशिवाय आज खुर्ची सोडायची नाही. एकदा ठरलेल्या दराखाली पुढची पाच वर्षे कोणत्याही खरेदीदाराला उतरता येणार नव्हते.

दर ठरवायला आलेल्या अधिकाऱ्याने संस्थेकडून भरून आलेला खर्चाचा तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. "बाई, खत, वाळवण, वाहतूक, सगळं धरलं. तरी तुमचा दर बसत नाही. घरच्या बायकांच्या तोडणीपुढे शून्य लिहिलंय."

"कोणी लिहिलं हे शून्य?" बाईंचा आवाज चढला.

कोपऱ्यात नमुन्याच्या कॉफीतले काळे दाणे निवडत बसलेल्या सुनेने मान वर केली नाही. "तुम्हीच, आई. घरच्यांना कसली आलीये मजुरी, म्हणाला होतात."

बाईंनी चष्मा लावला, स्वतःचे वळणदार अक्षर ओळखले आणि त्या शून्यावर ठसठशीत काट मारली. चूक झाली म्हणून मान खाली घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"एकेक पिकलं फळ पारखून तोडतेस तू. बोल, किती लिहू?"

"बाहेरच्या बाईला देता तेवढं."

अधिकाऱ्याने बेरीज नव्याने मांडली. दर बाईंनी मागितला होता त्याच्याही वर गेला.

तेव्हा बाईंनी खुर्ची सोडली. "ते दाणे राहू देत, सूनबाई. ये, इथे बस. पुढचं बोलणं तू कर. मी कमी मागते."